गावठी कट्टा : कायदा, कारागीर आणि काडतूस

मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक बातमी वर्षभर या ना त्या रूपात भेटत राहते. बसस्थानकामागे किंवा एखाद्या धाब्यापाशी एक तरुण घुटमळत असतो. खबऱ्याने आधीच टीप दिलेली असते. स्थानिक गुन्हे शाखेचं पथक सापळा लावतं आणि अंगझडतीत कमरेला खोचलेला गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसं सापडतात. पंचनामा होतो, हत्यार कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो, जप्त मालासह पथकाचा फोटो छापून येतो. कट्टा आला कुठून, याचं उत्तर बहुतेक वेळा दोन शब्दांत आटोपतं : मध्य प्रदेशातून.

त्या दोन शब्दांपाशी बातमी थांबते आणि सामान्य वाचकाच्या मनातले प्रश्न तसेच राहतात. बंदूक खरंच घरात, झोपडीत, एका भट्टीवर बनू शकते का? बनत असेल तर कायदा त्याला काय म्हणतो? असं हत्यार वापरणाऱ्याच्या हातात कितपत भरवशाचं असतं? आणि इतकी वर्षं छापे पडूनही हा धंदा बसत का नाही?

कायद्याची चौकट

कायदा काय म्हणतो, याचं उत्तर अगदी स्पष्ट आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाचं कलम 3 परवान्याशिवाय बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई करतं. कलम 5 त्याच्याही मागे जातं. शस्त्र बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, त्याची चाचणी घेणं, एवढंच काय, विक्रीसाठी मांडणं, या सगळ्यालाच परवाना लागतो. निर्मितीचा परवाना केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतो. तो कारखाना चालवणाऱ्याला मिळतो, आणि त्यासाठी जागा, सुरक्षा, नोंदवह्या, प्रत्येक नगावरचा क्रमांक यांचे नियम पाळावे लागतात. स्वतःच्या वापरासाठी किंवा हौसेखातर घरी एखादी बंदूक तयार करण्याचा परवाना आपल्याकडच्या चौकटीत बसत नाही.

कायद्याने केलेली शस्त्राची व्याख्याही रुंद आहे. पूर्ण बंदूक तर तीत येतेच, पण तिचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. त्यामुळे छाप्यात अर्धवट घडलेल्या नळ्या सापडल्या, तरी ‘बंदूक अजून तयार झाली नव्हती’ हा बचाव चालत नाही. कलम 6 नळी कापून आखूड करण्याला आणि नकली बंदुकीचं खऱ्या बंदुकीत रूपांतर करण्याला परवान्याशिवाय मनाई करतं. एकच काडतूस जवळ असेल आणि बंदूक नसेल, तरीही गुन्हा होतो. मात्र ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये गुणवंतलाल प्रकरणात हे तत्त्व मांडलं आणि आजही खटल्यांमध्ये त्याचा आधार घेतला जातो.

डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीने शिक्षा बरीच वाढवली. बेकायदा निर्मिती आणि विक्रीसाठी पूर्वी तीन ते सात वर्षं कैद होती. आता किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. बिनपरवाना साधं अग्निशस्त्र बाळगल्यास दोन ते पाच वर्षं कैद आणि दंड. शस्त्रांची बेकायदा तस्करी किंवा संघटित टोळीसाठी हा उद्योग केल्यास दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. लग्नात, वरातीत हवेत बार उडवणं हा स्वतंत्र गुन्हा झाला आणि परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रं राहतील असं ठरलं.

शस्त्र बाळगणं हा भारतात मूलभूत हक्क नाही, आणि हा निर्णय विचारांती झालेला आहे. 1878 मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात आलेल्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याच्या दारात उभं केलं आणि युरोपियनांना सूट दिली. हा अपमान राष्ट्रीय सभेला पुढची पन्नास वर्षं खुपत राहिला. म्हणूनच 1931 च्या कराची अधिवेशनाच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत होता. डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत हरी विष्णू कामत यांनी तोच हक्क राज्यघटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असा सरसकट हक्क देण्यास विरोध केला आणि दुरुस्ती फेटाळली गेली. फेब्रुवारी 2023 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका जामीन अर्जावर सुनावणी करताना सर्वोच्च न्यायालयाने बिनपरवाना बंदुकांच्या सुळसुळाटाची स्वतःहून दखल घेतली. अमेरिकेसारखा हक्क आपल्या राज्यघटनेत नाही, याची आठवणही न्यायालयाने तेव्हा करून दिली.

मुंगेर ते उमर्टी

कायदा एवढा कडक असताना हत्यारं घडतात ती काही ठरावीक ठिकाणी, आणि त्या प्रत्येक ठिकाणाला जुना इतिहास आहे.

बिहारमधलं मुंगेर हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. अठराव्या शतकात बंगालचा नवाब मीर कासीम याने इंग्रजांपासून लांब राहण्यासाठी राजधानी मुर्शिदाबादहून मुंगेरला हलवली आणि त्याचा आर्मेनियन सेनापती गुर्गीन खान याने तिथे तोफा-बंदुकांचा कारखाना उभा केला. 1764 मध्ये बक्सरच्या लढाईत मीर कासीमचा पराभव झाला, पण कारागीर गावातच राहिले. पुढे त्यांच्या वंशजांना परवाने मिळाले. आजही मुंगेरमध्ये परवानाधारक कारखान्यांचं एक बंदिस्त आवार आहे. तिथे पक्षी मारण्याच्या आणि शेतराखणीच्या जातीच्या, म्हणजे एकनळी व दुनळी बंदुका सरकारने ठरवून दिलेल्या संख्येत बनतात. शस्त्र परवाने दुर्मीळ झाले तशी मागणी घटली आणि पगार तुटपुंजे झाले. हातात कसब आणि घरात चूल थंड, अशा कारागिरांना बेकायदा धंदेवाल्यांनी ओढून नेलं. मुंगेरचे कारागीर पश्चिम बंगाल, झारखंड, उत्तर प्रदेशात पकडले जातात, ते याच वाटेने गेलेले.

महाराष्ट्राचा संबंध मुख्यतः मध्य प्रदेशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्याशी येतो. बडवानी, धार, खरगोन, बुरहानपूर हे जिल्हे नंदुरबार, धुळे आणि जळगावच्या जवळ आहेत. तिथल्या काही वस्त्यांमध्ये सिकलीगर कारागीर पिढ्यान्‌पिढ्या लोखंडाचं काम करतात. तलवारींना पाणी देणं, हत्यारांना धार लावणं हा त्यांचा मूळ व्यवसाय. शीख गुरूंच्या सैन्यासाठी शस्त्रं घडवल्याची परंपरा हा समाज अभिमानाने सांगतो. इंग्रजी अमलात हत्यारं गेली आणि त्यांच्यासोबत रोजगार गेला. बहुसंख्य कुटुंबं आज कुलपं, कढया, शेतीची अवजारं यांवर पोट भरतात. काही घरांतल्या भट्ट्यांवर मात्र पिस्तुलं उतरतात, आणि त्यापायी सगळा समाज पोलिसांच्या वहीत कायमचा संशयित होऊन बसला आहे.

चोपडा तालुक्याच्या हद्दीला लागून असलेलं बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी हे गाव महाराष्ट्र पोलिसांच्या तोंडी सतत असतं. फेब्रुवारी 2025 मध्ये शस्त्रतस्करीतल्या आरोपीला पकडायला गेलेल्या जळगाव जिल्ह्यातल्या पथकावर तिथे हल्ला झाला. एका पोलिसाला जमावाने पळवून नेलं आणि काही तासांनी त्याची सुटका झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे पोलीस मोठा फौजफाटा घेऊन थेट उमर्टीत उतरले, भट्ट्या मोडल्या, अनेकांना ताब्यात घेतलं. पुण्यात सापडणाऱ्या पिस्तुलांचा माग त्यांना वारंवार याच गावाकडे नेत होता. शहरातलं पथक शेकडो किलोमीटर लांबच्या, दुसऱ्या राज्यातल्या भट्टीपर्यंत गेलं, ही गोष्ट महत्त्वाची होती. एरवी तपास कट्टा बाळगणाऱ्यापाशी सुरू होतो आणि जेमतेम त्याला तो विकणाऱ्यापर्यंत पोहोचतो.

टेबलावरचं हत्यार

न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या टेबलावर मोहोरबंद पाकिटातून निघणारा साधा कट्टा पाहिला, तर त्याच्याभोवतीचा दरारा ओसरतो. एका वेळी एकच बार, लाकडी मूठ, कानशीच्या ओरखड्यांनी भरलेला ओबडधोबड सांगाडा. ना क्रमांक, ना कारखान्याची खूण. खिळखिळा चाप आणि नीट न बसणारं झाकण. दुसऱ्या प्रकारात मॅगझीन असलेली पिस्तुलं येतात. ती दिसायला चकचकीत असतात आणि त्यांच्यावर ‘मेड इन यूएसए’ किंवा ‘मेड इन इटली’ असा शिक्का ठोकलेला असतो. शुद्धलेखन चुकलेले असे शिक्केही तपासणाऱ्यांच्या नजरेला पडतात.

कारखान्यातली बंदूक आणि भट्टीवरची बंदूक यांतला खरा फरक डोळ्यांना दिसत नाही. गोळी सुटते तेव्हा नळीच्या मागच्या भागात क्षणभर प्रचंड दाब तयार होतो. तो पेलणारं पोलाद, त्यावरची उष्णता प्रक्रिया आणि काडतूस जिथे बसतं त्या जागेचं अचूक माप, या तीन गोष्टींवर वापरणाऱ्याचा हात शाबूत राहणं अवलंबून असतं. म्हणूनच कायदेशीर कारखान्यातली प्रत्येक बंदूक बाहेर पडण्याआधी नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून तपासली जाते आणि त्या परीक्षेचा शिक्का तिच्यावर उमटतो. भंगारातल्या लोखंडाची जात कोणती, त्यात आधीच बारीक चीर आहे का, हे भट्टीवरच्या कारागिराला कळण्याचा मार्ग नसतो. पहिल्या दहा बारांना टिकलेली नळी अकराव्याला फुटू शकते. मग जळता वायू आणि धातूचे तुकडे मागे येतात. बोटं तुटणं, तळहात फाटणं, डोळा जाणं अशा जखमा घेऊन आलेल्यांच्या नोंदी भारतीय डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत केलेल्या आहेत.

नेमबाजीचंही तेच. चांगल्या पिस्तुलाच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. त्या गोळीला स्वतःभोवती फिरवतात आणि त्यामुळे ती सरळ जाते. साध्या कट्ट्याची नळी आतून सपाट असते, गोळी सैल बसते आणि बाहेर पडल्यावर गडगडत जाते. काही पावलांपलीकडे ती कुठे लागेल याचा भरवसा नाही. भर रस्त्यावर चाललेल्या टोळीयुद्धात वाटसरू जखमी होतात, त्यामागे हेही कारण असतं.

पण जवळून झाडलेली गोळी जीव घेते, मग ती कुठल्याही नळीतून आलेली असो. महाराष्ट्राला हे कुणी सांगायला नको. 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर फिरायला निघाले होते. त्यांच्यावर झाडलेल्या गोळ्या 7.65 मिलिमीटरच्या गावठी पिस्तुलाच्या होत्या. 16 फेब्रुवारी 2015 रोजी कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमा यांच्यावर गोळीबार झाला आणि चार दिवसांनी पानसरे गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला प्रा. एम. एम. कलबुर्गी आणि 2017 च्या सप्टेंबरमध्ये बंगळुरूत गौरी लंकेश यांची हत्या झाली. कलबुर्गी आणि लंकेश यांना मारणाऱ्या गोळ्या एकाच पिस्तुलातून सुटल्याचा निष्कर्ष कर्नाटकातल्या न्यायवैद्यक तपासणीने काढला.

गावठी हत्याराचा माग लागत नाही, ही गुन्हेगारांची समजूत त्या निष्कर्षाने खोटी ठरवली. हाताने घासलेला प्रत्येक भाग दुसऱ्यापेक्षा वेगळा असतो. घोडा ज्या टोकाने काडतुसाच्या टोपीवर आदळतो, त्या टोकाचा ओबडधोबडपणा रिकाम्या पुंगळीवर जसाच्या तसा उतरतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन पुंगळ्या शेजारी ठेवल्या, की जाणकाराला त्या एकाच हत्याराच्या आहेत का हे कळतं. क्रमांक नसल्यामुळे विक्रेत्यापर्यंत पोहोचणं कठीण होतं, एका गुन्ह्याला दुसऱ्याशी जोडणं मात्र शक्य राहतं.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू

या साऱ्या व्यवहारात एक वस्तू अशी आहे, जी भट्टीवर बनत नाही. ती म्हणजे काडतूस.

पितळी पुंगळी, तळाची टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी, या चार गोष्टींचं माप आणि मिश्रण सूक्ष्म अचूकतेने जुळावं लागतं. भरवशाचं काडतूस कारखान्यातच तयार होतं. म्हणून गावठी कट्ट्याचा आकार कारागीर ठरवत नाही, बाजारात कोणतं काडतूस मिळतं त्यावर तो ठरतो. उत्तर भारतातला नेहमीचा कट्टा .315 बोअरचा का असतो, याचं उत्तर इथे आहे. लष्करी .303 चं काडतूस नागरिकांना मिळू नये म्हणून इंग्रजी अमलात शिकारी रायफलींसाठी .315 हा वेगळा बोअर रुळला. स्वातंत्र्यानंतर सरकारी कारखान्यांनी त्याच बोअरच्या रायफली आणि काडतुसं परवानाधारकांसाठी बनवली. दुसरा लोकप्रिय कट्टा 12 बोअरचा, कारण शेतराखणीच्या बंदुकीचं काडतूसही तेच.

उत्तरेतल्या न्यायालयांचे निकाल वाचताना जप्तीच्या यादीत एक खूण पुन्हा पुन्हा दिसते : ‘8 एमएम केएफ’. 8 एमएम म्हणजे तोच .315 बोअर आणि केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपल्या पुण्यातला 1869 साली सुरू झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना. कारखान्यातून हा माल रीतसर निघतो, रीतसर दुकानात जातो आणि परवाना दाखवून रीतसर विकला जातो. त्यानंतर कुठेतरी तो वाट सोडतो. कुणी परवानाधारक वर्षाचा कोटा उचलून चढ्या भावाने विकतो, तर कुठे दुकानदाराची वही आणि कपाटातला साठा जुळत नाही. सरकारी गोदामंही यातून सुटलेली नाहीत. 2018 मध्ये मुंगेर परिसरात वीसहून अधिक एके-47 रायफली सापडल्या आणि त्यांचा माग जबलपूरच्या लष्करी शस्त्र भांडारापर्यंत गेला.

भट्टी मोडली तर महिन्याभरात दुसऱ्या नाल्याकाठी पेटते. काडतुसाचा पुरवठा तुटला तर भट्टीवरचा माल लोखंडाच्या भावाने विकावा लागेल. हे काम जंगलात सापळे लावण्याइतकं थरारक दिसत नाही. शस्त्र दुकानांच्या वह्या नियमित तपासणं, नवी काडतुसं देताना रिकाम्या पुंगळ्यांचा हिशेब मागणं, आणि जप्त झालेल्या प्रत्येक काडतुसाच्या तळाची खूण कारखान्याच्या उत्पादन गटाशी ताडून पाहणं, असं हे कंटाळवाणं, कारकुनी काम आहे. देशभरातल्या शस्त्र परवान्यांची राष्ट्रीय नोंदणी आता संगणकावर आहे आणि प्रत्येक परवानाधारकाला स्वतंत्र ओळख क्रमांक आहे. विकलेल्या प्रत्येक काडतुसाची नोंद त्याच व्यवस्थेत तितक्याच काटेकोरपणे झाली, तर गळती कुठून होते हे लपून राहणार नाही.

आकडे पाहिले की हे काम किती मोठं आहे ते कळतं. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नोंदीनुसार 2016 अखेर देशात सुमारे 33 लाख 69 हजार शस्त्र परवाने होते. त्यातले 12 लाख 77 हजारांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात, तर महाराष्ट्रात सुमारे 84 हजार. जिनिव्हाच्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेने 2017 साठी केलेला अंदाज मात्र सांगतो, की भारतात नागरिकांकडे 7 कोटी 11 लाख बंदुका असाव्यात. अंदाज थोडाफार चुकला असं धरलं, तरी नोंदीबाहेरची शस्त्रं नोंदीतल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, यात शंका उरत नाही.

जपान आणि अमेरिका

घरगुती बंदुकीने जगालाही हादरे दिले आहेत. 8 जुलै 2022 रोजी जपानमधल्या नारा शहरात प्रचारसभेत बोलणाऱ्या माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना एका माणसाने स्वतः बनवलेल्या बंदुकीने मारलं. ज्या देशात बंदुकीने होणारे खून अगदी विरळा, तिथे हे घडलं. जपानने 2024 मध्ये कायदा सुधारला. बेकायदा शस्त्र बाळगण्यास जाहीरपणे चिथावणं, त्यासाठी बंदूक बनवण्याची माहिती इंटरनेटवर पसरवणं, हाही तिथे गुन्हा झाला.

अमेरिकेची गोष्ट उलटी. तिथल्या केंद्रीय कायद्याने माणसाला स्वतःच्या वापरापुरती बंदूक घरी बनवायला बंदी नाही. त्या मोकळिकीचा फायदा घेऊन सुट्या भागांचे संच विकणाऱ्या कंपन्या निघाल्या. विकत घ्यायचे, घरी जोडायचे आणि क्रमांक नसलेली बंदूक तयार. 2016 मध्ये अमेरिकी पोलिसांना गुन्ह्यांच्या तपासात अशा संशयित बंदुका सुमारे 1,750 सापडल्या होत्या. 2021 मध्ये हा आकडा 19 हजारांच्या वर गेला. 2022 मध्ये सरकारने या संचांना बंदुकीचेच नियम लावले आणि मार्च 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ते नियम कायम ठेवले.

त्रिमितीय छपाईचा प्रश्नही आहेच. 2013 मध्ये टेक्सासमधल्या एका गटाने प्लास्टिकच्या छापील पिस्तुलाचा आराखडा इंटरनेटवर टाकला, तेव्हापासून जगभरचे पोलीस धास्तावले आहेत. जपानमध्ये पुढच्याच वर्षी अशी पिस्तुलं छापणाऱ्याला दोन वर्षांची कैद झाली. भारतात यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. कलम 5 मध्ये निर्मिती हा शब्द आहे. ती ऐरणीवर झाली की छपाई यंत्रावर, याने गुन्ह्यात फरक पडत नाही.

खटला का ढासळतो

शिक्षा वाढली, पण ती प्रत्यक्षात किती जणांना होते हा वेगळा विषय आहे. कलम 3 खालच्या खटल्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. ती न वाचता सही करून दिलेली आहे असं दिसलं, तर बचाव पक्ष तिथेच मुसंडी मारतो. जप्त हत्यार जागेवर मोहोरबंद केलं नाही, ते प्रयोगशाळेत नेईपर्यंतच्या नोंदीत खंड पडला, ते चालू स्थितीत असल्याचा अहवाल वेळेत आला नाही, पंच फितूर झाले, यातली एक जरी कडी निखळली, तरी आरोपी सुटतो. वर्षानुवर्षं चाललेल्या खटल्यात दोन-तीन तपास अधिकारी बदलून जातात. कट्टा बाळगणारा जामिनावर बाहेर येतो आणि टोळीत त्याचा भाव वाढलेला असतो.

नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून बेकायदा शस्त्रांच्या निर्मितीवर आणि वाहतुकीवर कृती आराखडा तयार करायला सांगितलं. या समितीत गृह आणि विधी खात्याचे अधिकारी, पोलीस महासंचालक आणि शस्त्रतज्ज्ञ असावेत, असंही त्या आदेशात आहे. भट्टी एका राज्यात, गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यात आणि काडतूस तिसऱ्या राज्यातलं, अशा धंद्याला राज्यांच्या समित्या एकमेकींशी बोलल्याशिवाय आवर बसणार नाही.

कोकणातली बंदूक

या सगळ्यात प्रामाणिक शेतकऱ्याची अडचण झाकली जाऊ नये. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्यात रानडुक्कर, गवे आणि माकडं एका रात्रीत मेहनतीवर पाणी फिरवतात. तिथल्या अनेक घरांत शेतराखणीच्या परवान्याची ठासणीची किंवा काडतुसाची बंदूक आजोबांपासून चालत आलेली आहे. कायद्याने या गरजेची दखल घेतलेली आहे. कलम 13 नुसार, पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि संरक्षण किंवा खेळासाठी वीस इंचांहून कमी नळी नसलेली साधी बंदूक यांचा परवाना, इतर हरकत नसेल तर, देण्याकडेच कल आहे. प्रत्यक्षात अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतो आणि निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. मग कुणीतरी गावठी बंदुकीची वाट धरतो. रात्री शिकारीला गेलेल्यांपैकी एखादा झाडीतल्या हालचालीला डुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर बार टाकतो, अशा घटना कोकणाला परक्या नाहीत. तिथे हत्यार कायदा, वन्यजीव संरक्षण कायदा आणि मनुष्यवध, असे तीन गुन्हे एकाच वेळी दाखल होतात. परवान्याचा अर्ज ठरावीक मुदतीत निकाली काढणं हा गावठी बंदुकीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तो जिल्हाधिकारी कार्यालयाच्या हातात आहे.

सामान्य वाचकाने स्वतःपुरत्या काही गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. 20 ज्यूलपर्यंत ताकदीच्या आणि 4.5 मिलिमीटरपर्यंत बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो. मित्राचं पिस्तूल ‘फक्त फोटोपुरतं’ हातात धरून रील टाकणारा तरुण आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतःच तयार करतो, आणि पोलीस आता असे फोटो शोधून गुन्हे नोंदवतात. वडील किंवा आजोबा वारल्यावर माळ्यावर बंदूक सापडली आणि वारसाच्या नावे परवाना नसेल, तर कलम 21 नुसार ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. पुढे परवाना मिळाल्यावर ती परत मिळू शकते. आणि कलम 36 नुसार, शस्त्र कायद्याखालचा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे, त्याने ते पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना कळवणं हे त्याचं कायदेशीर कर्तव्य आहे. गल्लीतला एखादा मुलगा कमरेला काय खोचून फिरतो हे ठाऊक असूनही गप्प बसणाऱ्या प्रत्येकाला हे कलम लागू होतं.